यंदा किती फड भिजवायचे?

एप्रिल लागला की धुळ्यात सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. डोळे उघडताच मोबाइलवर तापमान पाहायचं, मग पावसाचा अंदाज, आणि चहाच्या आतच जीव धास्तावलेला. अवकाळीनं आडवा झालेला गहू, गारपिटीनं सडलेला कांदा ज्यानं पाहिलाय, त्याला ही धास्ती मनाचे खेळ वाटत नाही. ती नाहीच तशी. ज्याला जमीन आहे, लेकरं आहेत, त्याला बदलत्या हवामानाची काळजी वाटणारच. ती एकट्यानं वाहायची की चारचौघांत मांडायची, एवढं मात्र आपल्या हाती आहे.

साक्री तालुक्यात पांझरेकाठी शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. हंगामाआधी गावकरी एकत्र बसत, नदीतलं पाणी बघत आणि ठरवत, यंदा किती फड भिजवायचे. एका फडात एकच पीक. शेतकऱ्याची जमीन शक्यतो एकाहून अधिक फडांत असे, म्हणून टंचाईच्या साली एखादा फड कोरडा ठेवला तरी कुणी एकटा बुडत नसे. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या.

मला यातली ती बैठक सर्वांत मोलाची वाटते. पाऊस किती पडेल हे तिथंही कुणाला ठाऊक नव्हतं. पण रात्री अंथरुणात ‘पाणी पुरेल का?’ म्हणून छळणारा प्रश्न तिथं ‘आहे ते कुणाकुणाला, कसं पुरवायचं?’ असा होई. आणि या प्रश्नाला उत्तर काढता येतं.

पुढे अनेक फड मोडले. पण याच तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकात असंच बसून उजाड डोंगर राखायचं ठरवलं. कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडणाऱ्याला दंड लावला. सुमारे ४०० हेक्टर जंगल उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. जगाचा ताप त्यानं उतरला नाही. पण उन्हाळ्यात गावच्या विहिरीला पाणी असणं, याला लहान म्हणू नये.

१ मेला गावोगाव ग्रामसभा भरते. शहरात सोसायटीची बैठक असते, गल्लीतला पार असतो. यंदा बोअर किती खाली गेलेत, टँकर आधी कुणाच्या दारी थांबवायचा, भर उन्हात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे कोण डोकावणार, एवढे विषय तरी तिथं घ्या.