दादरचं बी आणि पाखरांचा हिशोब

जुनं बी राखावं, असं कोणीही सहज म्हणतं. कोणी राखावं, हे विचारलं की माणसं शेजाऱ्याच्या बांधाकडे बघतात.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या अंगाचं. काळी, भेगाळणारी जमीन. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, वखरून तण मारायचं आणि पाऊस सरता सरता दादर पेरायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. पुढे पाणी नाही, खत नाही. जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती डोक्याच्या वर जाते. भाकर गोड, कडबा बैलांना. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली. तिची भाकर वाढली की आमचा आजा मुकाट खायचा, पण दुसरी मागायचा नाही. तरी त्या ज्वारीने किती घरांची पोटं भरली हे विसरून जुन्या बियाण्याचे गोडवे गाणं मला पटत नाही. पुढे बीटी कपाशी आली, मका आला.

मी धुळ्याला नोकरीत आयुष्य काढलं; शेती धाकट्या भावाकडे. चार वर्षांमागे तो म्हणाला, "दादा, औंदा दादर बंद." बैल विकले होते, मग कडबा कोणासाठी? एवढी उंच ताटं उपटायला मजूर मिळत नाही. आणि पाखरं! पूर्वी सगळ्या शिवारात दादर असायची, पाखरं शंभर वावरांत वाटली जायची. आता गावात एकट्याचं दादरचं वावर, म्हणजे शिवारातली झाडून सगळी पाखरं त्याच्याच कणसांवर. "आख्खा गावनं पुन्य मीच कमावानं का?" तो म्हणाला.

प्रश्न खरा आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिला. हक्क मिळाला, पाखरं कोणी हाकायची, हे कायद्यात कसं येणार? दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बी शून्याखाली १८ अंशांवर ठेवतात. ते हवंच. पण तिथलं बी ठेवल्या दिवशी होतं तसंच राहतं; वावरातलं बी दर साली नवा पाऊस, नवी कीड बघून शहाणं होतं.

माझी आई बी कधी विकत नसे. कोणी मागितलं की पायलीभर द्यायची, पुढच्या साली सव्वा पायली घ्यायची. "बी इकानं नही, देवानं." लोक याला दानत म्हणत. मला तो रोकडा शहाणपणा वाटतो. चार घरांत बी असलं की आपलं किडलं तरी गावातून जात नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्यांनीही बी नुसतं साठवलं नाही, वाटलं.

पूर्वजांचं देणं म्हणून दादर पेरावी, असं मी म्हणणार नाही. त्यांना परवडत होती म्हणून ते पेरत. त्यांनीही कितीतरी पिकं सोडली असतील. नातवंडांना ती हवी असेल का, तेही मला सांगता येत नाही. पण बैल गेले तर पुन्हा घेता येतात. बी संपलं की नातवंडांच्या वतीने आपणच नाही म्हणून मोकळे झालेलो असतो. तो अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि ज्याला असं वाटतं, त्याने खर्च उचलावा. मी भावाला एकरी नुकसान भरून देतो म्हटलं. तो चिडला. "मी काय तुना सालदार शे का?" हेही बरोबरच. पैसे दिले असते तर बी माझं झालं असतं आणि राखण त्याची.

शेवटी वहिनीने तोड काढली. शेजारच्या दोघांना बी दिलं, लागून लागून तीन पट्टे पेरले. पाखरं आलीच, पण वाटली गेली. उपटणीला तिन्ही घरची माणसं एकमेकांकडे. गेल्या साली घरची भाकर निघून थोडी दादर विकलीही. भाव मक्याहून बरा मिळाला.

यंदा तिघांतला एक जण मका लावायचं म्हणतो आहे. त्याला लेकीचं लग्न काढायचं आहे. परवा त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं आहे. काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.