बादशहाचा पेला आणि फुटलेली खापरे

वचन : यिर्मया 18 : 1-6

ह्या वचनात देव आपल्या संदेष्ट्यास कुंभाराच्या घरी पाठवितो. आम्ही आज वाचकांस चीन देशातील कुंभारांकडे नेतो.

शांघाय येथील लाँग म्युझियमच्या संग्रहात चिनी मातीचा एक पेला आहे. तोंडाशी तो सुमारे 8 सेंटिमीटर रुंद, म्हणजे तळहातात सहज मावेल एवढा. मिंग घराण्यातील चंगह्वा बादशहाच्या कारकीर्दीत (1465-1487) जिंगदेझेन गावच्या बादशाही भट्टीत तो तयार झाला. अंगावर कोंबडा, कोंबडी व पिले रंगविली आहेत. मुळात तो मद्याचा पेला. 2014 साली हाँगकाँगच्या लिलावात लिऊ यीचिएन नामक धनिकाने 28 कोटी 12 लक्षांहून अधिक हाँगकाँग डॉलर देऊन तो घेतला, आणि त्यातून चहा प्याला! पुष्कळांनी त्यास नावे ठेविली. हा गृहस्थ पूर्वी टॅक्सी हाकीत असे. बादशहाकरिता घडविलेला पेला टॅक्सीवाल्याच्या ओठी लागला, ह्यात आम्हांस वावगे दिसत नाही. मात्र पैशावाचून तो लागला नसता, हेही खरे.

ह्या पेल्यास दोनदा भट्टीत जावे लागले. कच्च्या मातीवर प्रथम निळ्या रंगाच्या बारीक रेघा ओढीत, वर काचेसारखा लेप देत, आणि सुमारे 1300 अंशांच्या आंचेत तो भाजीत. नंतर त्या रेघांच्या आत तांबडा, हिरवा, पिवळा असे मिन्याचे रंग भरून त्यास पुन्हा सौम्य आंच देत. हे रंग पहिल्या आंचेत टिकत नाहीत. म्हणून दुसरी भट्टी. एका संकटातून निघून लागलीच दुसऱ्यात पडलेल्या भावाने हे मनात ठेवावे.

पेल्याच्या बुडाशी बादशहाच्या कारकीर्दीचे नाव आहे, कारागिराचे नाही. 1712 साली दांत्रकोल नामक फ्रेंच पाद्री जिंगदेझेनहून लिहितो की, एकेक भांडे सत्तर जणांच्या हातांखालून जाते. ही माहिती त्याने काही अंशी आपल्याच मंडळीतील ख्रिस्ती कामकऱ्यांकडून मिळविली. पाद्री रोमी पंथाचा होता खरा. पण त्या बिनानावाच्या सत्तर हातांत आपल्या प्रभूचे नाव घेणारे काही हात असत, हे ऐकून आम्हांस आनंद होतो.

आता त्या बादशाही भट्टीची दुसरी रीत ऐका. भांड्यावर थोडा डाग पडला, रंग किंचित ओघळला, की ते फोडून तेथेच पुरीत असत. राजाचे भांडे प्रजेच्या हाती जाऊ नये, हा हेतू. यिर्मयाचा कुंभार असे करीत नाही. चाकावर बिघडलेला गोळा तो टाकीत नाही. त्याच मातीचे दुसरे पात्र घडवितो. परंतु पुढल्याच अध्यायात भाजलेले मडके फोडले जाते, आणि ते पुन्हा सांधता येत नाही. हे दोन्ही अध्याय एकत्र वाचावे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळ्यांत कोणती रीत चालते? एखाद्याचा दारूचा जुना नाद उफाळला, एखादीने घरच्यांच्या धाकाने जुन्या देवापुढे नारळ ठेविला, की पंचायत बसते, नाव पटावरून खोडले जाते. शिस्त असावी, तिला आमचा विरोध नाही. पण नाव खोडल्यावर त्या घरी कोण गेले? त्याची लेकरे शब्बाथशाळेत येतात की नाही, हे कोणी विचारले? माती अजून ओली असता आपण तिला भाजलेले खापर का समजतो?

जिंगदेझेनला 1980 नंतरच्या दशकात त्या जुन्या भट्टीची जागा खणली, तेव्हा चंगह्वाच्या काळच्या खापरांचे थरच्या थर निघाले. विद्वानांनी ती वेचली, धुतली, आणि तुकड्यास तुकडा लावून पेले व थाळ्या पुन्हा उभ्या केल्या. बादशहाने टाकलेली ती भांडी आज लोकांस पाहावयास मांडतात. त्यांवरील तडे स्पष्ट दिसतात.