तंबूंतील तीन रात्री

इंग्लंडमध्यें सफक परगण्यांतील एका शेतावर १९७४ सालीं 'ग्रीनबेल्ट' या ख्रिस्ती उत्सवाचा आरंभ झाला; २०१४ सालीं तो नॉर्थॅम्प्टनशायरमधील बाउटन हाउसच्या विस्तीर्ण आवारांत आला. ऑगस्टअखेरच्या सुटींत आईबाप मुलांसह तेथें तंबू ठोकून राहतात, गाणीं व व्याख्यानें ऐकतात आणि रविवारीं उघड्या आकाशाखालीं सर्वांसमवेत उपासना करतात.

पक्कें घर असतां हौसेनें पत्करलेल्या या गैरसोयीस नैतिक मोल कितपत? परतीची वाट मोकळी असतां हिला तप म्हणणें ही खऱ्या निराश्रिताची थट्टाच होय, असें कोणी म्हणेल. आणि तें खोटें नाहीं. परंतु बायबलांतील 'लेवीय' ग्रंथांत यहुद्यांस वर्षांतून सात दिवस मांडवांत राहण्याची जी आज्ञा आहे, ती देहदंडासाठीं नव्हे. पूर्वज एके काळीं बेघर होते, याचें पुढील पिढ्यांस स्मरण राहावें म्हणून आहे.

कापडी भिंतीपलीकडील मुलाच्या रडण्यानें झोप मोडते, तेव्हां काल आपलेंही मूल असेंच रडलें होतें हें आठवतें. शिकवण ती एवढीच. तिची परीक्षा मात्र तंबूंत होत नाहीं. घरीं परतून दाराला कडी घातल्यावर कोणी निराश्रित थाप मारील, तेव्हां ती कडी निघते कीं नाहीं, यावरच त्या तीन रात्रींचें मोल ठरेल.