वसतिगृहाची खोली आणि अपरिग्रहाचा प्रश्न

माणसाला जगायला किती लागते, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. कॉलेजच्या वसतिगृहात मोजक्या पैशांत राहायला निघालेल्या मुलामुलींपुढे तो सामान बांधतानाच उभा राहतो. आपल्याकडच्या बहुतेक धर्मपरंपरांनी थोडक्यात राहण्याला मान दिला आहे. जैन धर्म आणि योगदर्शन त्याला अपरिग्रह म्हणतात, संतवाङ्मयात वैराग्याचा गौरव आहे. मग ज्याच्याजवळ मुळातच थोडे आहे, त्याचे थोडक्यात भागवणे हाही सद्गुण मानायचा का? पत्र्याची पेटी, एक अंथरूण आणि चार कपडे संन्याशाला शोभतात. तेवढेच सामान गरीब विद्यार्थ्याजवळ असले, तर त्याचे कौतुक करायचे की त्याची सोय करायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात हा प्रश्न दर वर्षी जून-जुलैत घरोघरी येतो. तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सोलापूर जिल्ह्याला लागून आहे. पाऊस बेभरवशाचा, शेती बहुतांशी कोरडवाहू. परंड्यात महाविद्यालय आहे. पण अभियांत्रिकी, नर्सिंग, कायदा किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मुले बार्शी, सोलापूर, लातूर, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे गाठतात. सामान ठरलेले असते: कुलपाची पेटी, सतरंजी आणि वाकळ, बादली-मग, ताट-वाटी-तांब्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, कडक भाकरी. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले तर निभते. नाही लागले तर ‘कॉट बेसिस’वर जागा शोधायची, अनामत भरायची आणि महिन्याच्या महिन्याला मेसचे पैसे द्यायचे. ओढाताण होते ती या दोन खर्चांत. राज्य सरकारने 2024 मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतील, 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. तरी परगावी शिकणाऱ्या मुलीच्या खाटेचा आणि दोन वेळच्या जेवणाचा खर्च उरतोच. तेवढ्यावरून शिक्षण थांबते.

धर्मपरंपरा थोडक्यात राहण्याविषयी नेमके काय सांगतात, ते क्रमाने पाहिले म्हणजे उत्तराची दिशा कळते.

वैदिक परंपरेत ब्रह्मचर्याश्रम हा शिकण्याचा काळ. ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागून आणावी, ती गुरूपुढे ठेवावी आणि गुरूने सांगितल्यावर खावी, असा दंडक होता. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा एकत्र शिकले, दोघांनीही लाकडे गोळा केली, ही भागवतातली कथा याच रीतीतली आहे. तिचे मर्म समतेत आहे. सुदाम्याचे दारिद्र्य आश्रमात दिसत नव्हते, कारण कृष्णालाही तेच अन्न आणि तेच काम होते. ते दिसू लागले संसारात पडल्यावर. मात्र या गुरुकुलाची दारे शूद्रांना आणि बहुतेक स्त्रियांना बंद होती, हेही तितकेच खरे आहे. साधेपणाचा हा आदर्श ज्यांना आत प्रवेश होता त्यांच्यापुरताच होता.

जैन धर्माने अपरिग्रहाचे दोन स्तर केले. मुनीला सर्वत्याग सांगितला आणि श्रावकाला परिग्रह-परिमाण, म्हणजे आपल्या मालमत्तेला आपणच मर्यादा घालण्याचे व्रत. परंड्याशेजारच्या भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये तेथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. त्यांच्या त्यागापुढे माणूस नतमस्तक होतो, कारण तो पूर्ण समजून-उमजून केलेला होता. श्रावकाच्या व्रतातही मर्यादा घालून घेणारा तो, ज्याच्याजवळ जादा आहे. जवळ काहीच नसलेल्याला हे व्रत सांगण्यात अर्थ नाही.

बौद्ध परंपरेत भिक्षूला आठ परिष्कार पुरतात: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे गाळणे. यादी लहान असली तरी या आठ वस्तूंवाचून भिक्षूला राहावे लागू नये, ही जबाबदारी संघ आणि उपासक घेतात. स्वतः बुद्धांनी कठोर उपोषणाने शरीर झिजवून पाहिले, त्याने ज्ञान मिळत नाही हे ओळखले आणि सुजातेची खीर स्वीकारली. मध्यम मार्गाची सुरुवात त्या जेवणापासून होते. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायातले सांगणेही याच अर्थाचे आहे.

परंडा तालुक्याला सर्वांत जवळचा वारसा समर्थ संप्रदायाचा. सीना नदीकाठच्या डोमगावात समर्थ रामदासांचे पट्टशिष्य आणि दासबोधाचे लेखनिक कल्याणस्वामी यांचा मठ आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. भिक्षेने माणसांच्या ओळखी होतात, त्यांची पारख होते, मन निर्भय राहते. पण कोणी पुष्कळ दिले तरी थोडेच घ्यावे, असा तिथला उपदेश आहे. घेणाऱ्याने लाजू नये आणि साठवूही नये, हा त्याचा सारांश.

या सगळ्यांतून तीन अटी निघतात. पहिली, थोडक्यात राहणे स्वतः स्वीकारलेले असावे. दुसरी, अन्न, वस्त्र आणि निवारा यांची शाश्वती असावी. तिसरी, ते राहणे कुठल्या तरी मोठ्या साध्यासाठी असावे. विद्यार्थ्याजवळ तिसरी गोष्ट असते. पहिल्या दोन पुष्कळदा नसतात. त्या नसताना त्याच्या टंचाईला तप म्हणणे ही विचारातली चूक आहे आणि तिचा फायदा देण्याची ऐपत असलेल्यांना मिळतो.

जुन्या काळी महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी. या रीतीने अनेकांचे शिक्षण झाले. पण ती मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती. इतर जातींच्या मुलाला शहरात ना वार मिळे ना खोली. ही अडचण बोर्डिंगच्या चळवळीने सोडवली. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. 1927 मध्ये गांधीजींनी त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण केले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी 1925 मध्ये सोलापुरात दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. परंडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि बार्शी ब्रिटिश मुलखात. त्या बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी 1934 मध्ये श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापले आणि या भागातल्या खेड्यांतल्या मुलांना शिक्षणाचा रस्ता खुला झाला.

या चळवळीने धर्माची कल्पना पुढे नेली. लक्ष्मीबाईंनी दागिने विकले तेव्हा परिग्रह सोडला तो जवळ असणाऱ्याने, आणि पोट भरले ते शिकणाऱ्याचे. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत आणि स्वयंपाकापासून सफाईपर्यंतची कामे स्वतः करत. सांदीपनींच्या आश्रमातली समता आता ज्यांना तिथे प्रवेशच नव्हता त्यांच्यापर्यंत पोचली. पुढे हीच गोष्ट शासनाकडे हक्क म्हणून आली. 2016-17 पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन, निवास आणि निर्वाह यांची रक्कम जमा करते. भिक्षेची जागा भत्त्याने घेतली. भत्ता वेळेवर जमा होणे ही त्यामुळे निव्वळ कारकुनी बाब राहत नाही. उशीर झाला की मेस बंद होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. हालअपेष्टांतून माणूस घडतो, हा पहिला. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. साताऱ्याच्या मुलांना श्रमाने घडवले आणि ते श्रम पोटभर जेवून, सगळ्यांनी मिळून केलेले होते. एकट्याने उपाशी झोपण्यातून तसे घडणे होत नाही. मदतीने मूल परावलंबी होते, हा दुसरा आक्षेप. त्याला भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ या सूत्राने उत्तर दिले. पुण्यात 1955 मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांतही शिकताना काम करण्यावर भर आहे. विद्यार्थी मदत घेतो आणि श्रमाने तिची परतफेड करतो.

यावरून वसतिगृहात जाणाऱ्याने काय सोडावे आणि काय सोडू नये, हेही ठरते. नवी बॅग, नवा मोबाइल, खोलीची सजावट यांवाचून अडत नाही. बादली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड, मागच्या वर्षाची पुस्तके या वस्तू खोलीत मिळून वापरता येतात आणि त्यातूनच सोबत जुळते. हा विद्यार्थ्याचा खरा अपरिग्रह. जेवण, औषधपाणी, चष्मा आणि प्रवेशाची कागदपत्रे यांत मात्र काटकसर करू नये. पैसे वाचवायला एक वेळचा डबा बंद करणे याला कोणत्याही धर्माचा आधार नाही.

परंड्यासारख्या गावातून मूल शिकायला बाहेर पडते तेव्हा साधे राहण्याचा उपदेश त्याला करण्याची गरज नसते. ते साधेच राहत आलेले असते. तो उपदेश ज्यांच्याजवळ जादा आहे त्यांच्यासाठी आहे. ज्याला शक्य आहे त्याने गावातल्या एका तरी विद्यार्थ्याच्या मेसची जबाबदारी वर्षभर घ्यावी, आणि घेणाऱ्या मुलाने ती ताठ मानेने स्वीकारावी.