पाच तासांचा प्रवास आणि कसर नमाज

मुंबई ते जेद्दाह हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. १९९५ पर्यंत हजयात्रेकरूंची जहाजे हे अंतर कित्येक दिवसांत कापीत. विमानाला पाच-साडेपाच तास पुरतात. फज्र मुंबईत अदा करणारा जुहरला जेद्दाहमध्ये असतो. मग आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते : थंडगार विमानात बसून आयते जेवलेल्याने चार रकअतींऐवजी दोनच का अदा कराव्यात? आणि दिवसभर उन्हात कांदा काढणाऱ्या मजूर स्त्रीने मात्र पूर्ण चार? हा न्याय कसा?

वाचकहो, या प्रश्नात उद्धटपणा नाही. सूरह निसाच्या १०१ व्या आयतीत कसरचा उल्लेख शत्रूच्या भयासह आला आहे. भय सरल्यावर सवलत का उरावी, असे हजरत उमर (रजि.) यांनीच प्रेषितांना (स.) विचारले होते. सहीह मुस्लिममधील उत्तराचा आशय असा की, हे अल्लाहने तुम्हांस दिलेले दान आहे, ते स्वीकारा. दान म्हटले, मजुरी नव्हे. मजुरी कष्ट मोजून मिळते.

शिवाय कष्ट मोजणार कोण? एकाच रांगेत तरुण गाढ झोपतो आणि शेजारच्या वृद्धेचे पाय सुजतात. म्हणून फिकहच्या विद्वानांनी हिकमत आणि इल्लत वेगळी ठेवली. कष्ट हलके व्हावेत ही हिकमत. हुकूम मात्र प्रवासाशी, म्हणजे मोजता येणाऱ्या अंतराशी बांधलेला. आपल्याकडील हनफी उलेमांपैकी काही ते सुमारे ७८ किलोमीटर मानतात, काही ९२.

राहिली ती मजूर स्त्री. उभे राहणे अशक्य झाले तर बसून नमाजची मुभा तिलाही आहे. पण न्यायाचा प्रश्न रकअतींना विचारण्याआधी शेतमालकाला विचारावा : तिला नमाजपुरती उसंत तो देतो का?

विमानप्रवास दिसतो तितका सोपाही नसतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि या दोन शहरांत सुमारे ३४ रेखांशांचे अंतर आहे. मुंबईत सुरू केलेला रोजा जेद्दाहला जाताना सव्वादोन तासांनी लांबतो. इफ्तार मुंबईच्या घड्याळावर होत नाही; प्रवासी जिथे असेल तिथे सूर्य मावळावा लागतो. पहाटेपूर्वीच ज्याने आपले शहर सोडले, त्याला तो रोजा नंतर भरून काढण्याची सवलत आहे.

जेद्दाहमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : हनफी मतानुसार पंधरा दिवस, तर कोकणातील शाफिई बांधवांच्या मतानुसार येण्या-जाण्याचे दिवस वगळून चार दिवस मुक्कामाचा इरादा झाला की नमाज पूर्ण अदा करायची. आणि ज्याचे कायमचे घर रत्नागिरीतच आहे, तो दोन दिवसांच्या रजेवर आला तरी गावची वेस ओलांडताच मुसाफिर राहत नाही. तिथे त्याला चारच रकअत.