गढी, रयत आणि मुलांचे हात

युद्धाची स्मृती मुलांच्या स्वाधीन कशी करावी, हा प्रश्न संग्रहालयांना फार उशिरा पडला; कारण दीर्घकाळपर्यंत शस्त्रागार म्हणजेच युद्धाचे संग्रहालय, अशी राजेलोकांची आणि त्यांच्या प्रजेचीही समजूत होती. आधुनिक युद्ध जिंकणाऱ्यालाही परवडणार नाही, हा सिद्धान्त लोकांना प्रत्यक्ष पटावा, या हेतूने पोलंडच्या यान ब्लोख या धनिकाच्या योजनेप्रमाणे 1902 मध्ये लुसर्न येथे युद्ध आणि शांतता यांचे संग्रहालय उघडले. परंतु तोफा ओळीने मांडल्या की त्यांची झळाळीच बालमनाला मोहविते आणि मांडणाऱ्याचा हेतू मागे राहतो, ही त्या मार्गातील मूळची अडचण होय. तिचे उत्तर मला 1955 मध्ये उघडलेल्या हिरोशिमाच्या संग्रहालयात दिसते, जेथे जळालेली तीनचाकी सायकल आणि शाळकरी मुलाचा करपलेला डबा यांच्यापुढे पाहणारा थबकतो.

पाहण्याकडून हाताळण्याकडे संग्रहालयाची कल्पना वळली; या बदलाच्या प्रवर्तकांपैकी फ्रँक ओपेनहायमर हे स्वतः अणुबॉम्बच्या कार्यात सहभागी झालेले शास्त्रज्ञ होते, ही गोष्ट मला अत्यंत विचारणीय वाटते. 1969 मध्ये सान फ्रान्सिस्कोत त्यांनी स्थापिलेल्या संग्रहालयात प्रत्येक उपकरण मुलाने फिरवून पाहावे, हीच अपेक्षा होती. ती रीत 2022 मध्ये बारामतीच्या विज्ञान केंद्रापर्यंत पोहोचली. इतिहास मात्र अजून तिच्या बाहेरच उभा आहे.

वस्तुतः हातांनी इतिहास शिकण्याची परंपरा आपल्याकडे घरोघर आहे. दिवाळीत चिखलामातीचा किल्ला रचणारे मूल बुरूज, दरवाजे, चोरवाटा यांचा जो अभ्यास करते, तो कोणत्याही क्रमिक पुस्तकातून होत नाही. आणि तटाखाली अळीव पेरून ते हिरवे शेतही उगवते. पण त्या शेताचा सारा कोण भरतो, फौज मुलखातून गेली म्हणजे त्याचे काय होते, हे ते विचारीत नाही, कारण आपण ते त्याला कधी सांगितलेले नाही.

आणि सांगण्यासारखे तर बारामती-इंदापूरच्या याच परगण्यांत आहे. इंदापूरच्या लढाईत शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे पडले, असे परंपरा सांगते, आणि त्यांची गढी आजही तेथे दाखविली जाते. पुढे 1630 च्या सुमारास भीषण दुष्काळ आणि फौजांची धामधूम यांनी पुणे प्रांत उजाड झाला, आणि तो पुन्हा लागवडीस आणण्यासाठी दादोजी कोंडदेवांच्या अमदानीत रयतेला कौल देऊन प्रारंभी सवलतीचा सारा ठरविण्यात आला. पराक्रमाइतकेच हे वसविणेही राज्यकर्तृत्वच होते. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांस शिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र तर मुलांसाठीच जपून ठेवावे असे आहे: पावसाळ्याची बेगमी आताच संपविलीत तर लष्कर रयतेला लुटू लागेल, मग लोक तुम्हांस मोगलांहून वाईट म्हणतील, असे बजावून, रात्री दिव्याची जळती वात उंदराने गवतात नेऊ नये, इतक्या बारीक गोष्टीची काळजी त्या पत्रात वाहिली आहे.

हा इतिहास मुलांच्या हाती देणारे दालन उभारायचे, तर मुलाला पडद्यावरची तोफ डागू देणारे दालन सोपे आणि लोकप्रिय होईल. माझ्या मते ते टाळावे. त्याऐवजी मुलाने छावणीचा कारकून व्हावे, दाणा आणि वैरण चार महिन्यांस पुरेल अशी वाटावी, आणि हिशेब चुकल्यास कोणाच्या घरावर धाड पडते ते नकाशावर पाहावे. ज्या बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी अवघे महाभारत आर्यांत उतरविले, तेथल्या मुलांना भीष्मपर्वानंतर स्त्रीपर्व आणि शांतिपर्वही येते, हे ठाऊक असावयास हवे.

बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदांनी व शिक्षकांनी मिळून असे एक दालन उभारावे, त्यात शस्त्रांच्या शेजारी कौल, सारा आणि बेगमी यांचीही मांडणी करावी, आणि दालनाच्या प्रवेशद्वाराशी ते पत्र मोठ्या अक्षरांत लावावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.