वीस बोंडांचा कौल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या काळ्या जमिनीत पराटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरली की शेतकऱ्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो. एकरभर फिरून २० झाडं निवडा, प्रत्येकाचं एक मध्यम हिरवं, बाहेरून न किडलेलं बोंड तोडा आणि दगडानं टिचवा. दोन किंवा जास्त बोंडांत गुलाबी बोंडअळी निघाली तर फवारा. न किडलेलंच बोंड घ्यायचं, कारण अळी कोवळ्या बोंडात शिरली की तिच्यामागे भोक बुजून जातं. वरून बोंड ठणठणीत दिसतं. फोडलं की आतल्या सालीवर बारीकसा फोड आणि सरकीत तोंड खुपसलेली अळी.

वीसात दोन म्हणजे १० टक्के, ही आर्थिक नुकसानीची पातळी. पण वीस बोंडांच्या साक्षीवर किती विसंबावं? शेतात खरोखर १० टक्के बोंडं किडकी असली, तरी वीसात एकही न निघण्याची किंवा एकच निघण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के असते. उलट प्रमाण ५ टक्केच असताना दोन किंवा जास्त निघण्याची शक्यता २६ टक्के. दोन सापडली, तर ९५ टक्के भरवशानं इतकंच म्हणता येतं की खरं प्रमाण १ ते ३२ टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे.

मग बोंडं किती हवीत? पाठ्यपुस्तकातलं उत्तर ३८५: प्रमाणाचा काहीच अंदाज नसताना, ९५ टक्के भरवसा आणि पाच टक्क्यांची चूक धरून. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे हे ठाऊक असेल तर १३९ पुरतात. चूक निम्मी करायची तर चौपट लागतात. शेतात एकूण बोंडं किती, याचा या हिशेबाशी जवळजवळ संबंध नाही. सगळीकडे सारखाच प्रादुर्भाव असलेल्या पाच एकरांना पाचपट बोंडं लागत नाहीत. लोकांना हे सहसा पटत नाही. १३९ बोंडं फोडून कापूस जाईल तो अर्धा-पाऊण किलो. खरा खर्च वेळेचा, आणि तोही दर आठवड्याला.

माझ्या मते नमुन्याचा आकार सूत्रानं नव्हे, चुकीच्या किमतीनं ठरावा. इथे दोन्ही चुका महाग आहेत. फवारणी चुकली तर वेचणीला किडका, डागाळलेला कवडी कापूस. उगाच केली तर पैसा जातो आणि विष अंगावर येतं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून मला टप्प्याटप्प्यानं मोजणं शहाणपणाचं वाटतं. वीसात चार-पाच निघाली तर निर्णय झाला. एकही नाही तर आठवड्यानं पुन्हा. एक ते तीन निघाली तर तिथल्या तिथे आणखी वीस. या विचाराचा गणिती पाया अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात घातला. 

आकडा वाढवल्यानं एक दोष मात्र जात नाही: बोंडं कुठली तोडली. चिखलात आत शिरायचा कंटाळा येतो, मग धुऱ्याकडच्या दोन ओळींतलीच वीस झाडं होतात. शेजारची झाडं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे अशी ४० बोंडंही विखुरलेल्या वीसांची बरोबरी करतीलच असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, उत्पन्नाच्या अंदाजासाठी करायच्या पीककापणीच्या तुकड्याच्या आकारावरून, दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी वाद घालत, तेव्हा मुद्दा असाच होता. तुकडा लहान असला की हद्दीवरची झाडं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. असे तुकडे कितीही वाढवले तरी ती फूग उतरत नाही.

वीस शेतकऱ्यांची वीस-वीस बोंडं कृषी सहायकानं एकत्र मांडली तर गावासाठी ४०० बोंडांचा आकडा मिळेल, एकट्याच्या वीसांपेक्षा बराच भक्कम. पण तो गावाचा आकडा. गावात ६ टक्के आणि जिनिंगलगतच्या, फरदड (वेचणीनंतरही उभं राखलेलं पीक) ठेवलेल्या वावरात १५, हे एकाच वेळी खरं असू शकतं. त्या वावरवाल्यानं आपली वीस बोंडं स्वतःच टिचवावीत.